मॅपमधली गहाळ वस्तू : एका हौशी दुरुस्तीचा इतिहास

व्हिडिओ गेममधला मॅप ही मुख्यतः एक यादी असते. या जागी भिंत, त्या भिंतीवर अमुक नावाचे टेक्श्चर (पृष्ठभागाचे चित्र), त्या कोपऱ्यात तमुक क्रमांकाची वस्तू, दारापाशी एक शत्रू, अशा नोंदींची ही यादी असते. वस्तू स्वतः मॅपच्या फाइलमध्ये बहुधा नसतेच. तिथे तिचे नाव किंवा क्रमांक तेवढा असतो, आणि चित्र, आकार, आवाज या गोष्टी गेमच्या इतर फाइलींतून आणल्या जातात. वाण्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीवर जिन्नस बिनचूक लिहिलेला असला, तरी दुकानात तो नसेल तर पिशवी रिकामीच परत येते. गेम कंपनी स्वतः मॅप बनवते तेव्हा ही अडचण क्वचित येते, कारण यादी आणि माल दोन्ही एकाच डब्यातून विकले जातात. हौशी माणसाने घरी बनवलेला मॅप मात्र अनोळखी लोकांच्या संगणकांवर चालायचा असतो. त्या संगणकावर कोणत्या फाइली आहेत, गेमची आवृत्ती कोणती आहे, याची त्याला कल्पना नसते. गहाळ वस्तूंचा प्रश्न तिथून सुरू होतो.

नाव सापडले आणि वस्तू सापडली नाही, तर गेमच्या इंजिनापुढे तीन वाटा असतात. गेम तिथेच बंद करायचा, ती नोंद गुपचूप गाळायची, किंवा तिच्या जागी एखादी ओंगळ, डोळ्यांत खुपणारी खूण उभी करायची. गेल्या तीस वर्षांत तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या. दुरुस्ती करणाऱ्याचे काम किती सोपे किंवा अवघड होणार, हे इंजिनाने कोणती वाट धरली यावरच ठरत आले.

आयडी सॉफ्टवेअरचा ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’ १९९२ साली आला, तेव्हा हौशी लोकांनी त्याच्या मूळ फाइलीच बदलून नवे मजले रचले. यात मूळ गेम पुसला जाई आणि तो बदल दुसऱ्याला नीटपणे देताही येत नसे. आयडीचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने पुढच्या गेमची रचना करताना हे ध्यानात ठेवले. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या ‘डूम’मध्ये इंजिन वेगळे आणि मॅप, चित्रे, आवाज यांचा साठा वेगळा होता. हा साठा वॅड नावाच्या फाइलीत असे. खेळणाऱ्याने मूळ वॅडच्या जोडीला स्वतःची छोटी वॅड दिली, की तिच्यातल्या नोंदी मूळ नोंदींना झाकून टाकत. मूळ फाइलीला हात लावावा लागत नसे. काही आठवड्यांतच, जानेवारी १९९४ मध्ये, न्यूझीलंडचा ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचा राफाएल किने यांचा डीईयू हा एडिटर सर्वत्र पसरला आणि मॅप बनवणे घरगुती छंद झाला.

डूमच्या मॅपमधली प्रत्येक वस्तू दहा बाइटांत मावते. दोन-दोन बाइटांचे पाच आकडे असतात : आडवी जागा, उभी जागा, तोंडाची दिशा, वस्तूचा प्रकार आणि काही खुणा. प्रकाराचा आकडा इंजिनाच्या तक्त्यात नसेल, तर मूळ डूम तडजोड करत नाही. तो बंद पडतो आणि जाता जाता डॉसच्या पडद्यावर त्या प्रकाराचा आकडा व जागा सांगणारी एक ओळ सोडून जातो. भिंतीवरच्या टेक्श्चरचे नाव सापडले नाही तरी हाच न्याय. खेळणाऱ्याला हे उद्धट वाटे. मॅप बनवणाऱ्याचा मात्र यात फायदा होता. काय हरवले ते, आणि वस्तूच्या बाबतीत कुठे हरवले तेही, एका ओळीत हाती येई. एडिटर उघडायचा, तो आकडा शोधायचा, चूक सुधारायची. पहिला डूम आणि ‘डूम टू’ यांचे टेक्श्चरसंच वेगवेगळे असल्यामुळे एकातला मॅप दुसऱ्यात नेताना ही ओळ हमखास भेटे.

भिंतीच्या नोंदीत टेक्श्चरचे नाव लिहायचेच राहिले, तर गोष्ट निराळी. तिथे इंजिन काहीच रंगवत नसे, त्यामुळे पडद्यावर आधीच्या चित्रांचे अवशेष साठत जात आणि खेळाडू हलला की आरशांच्या दालनात शिरल्यासारखी चित्रांची शेपूट उमटे. हा दोष लवकरच सर्वांच्या ओळखीचा झाला, आणि मॅप तपासून अशा उघड्या भिंतींची यादी देणे हे एडिटरांचे नेहमीचे काम होऊन बसले.

नव्या वस्तूंचे चित्र पुरवणे हे त्याहून किचकट होते. वस्तू आणि शत्रू यांची सगळी चित्रे वॅडमध्ये ठरावीक दोन खुणांच्या मध्ये एकाच गठ्ठ्यात असावी लागत, आणि मूळ इंजिन असा एकच गठ्ठा ओळखत असे. हौशी वॅडने आपला गठ्ठा आणला, की मूळ गेमची चित्रे इंजिनाच्या नजरेआड होत. मूळ चित्रेही आपल्या वॅडमध्ये भरायची, तर फाइल फुगे आणि विकत घेतलेल्या गेमचा माल फुकट वाटल्यासारखे होई. यातून ऑलिव्हिए मोंतानुई यांच्या डीईयूएसएफसारखी साधने आली. ती खेळणाऱ्याच्याच संगणकावर, त्याच्याच विकत घेतलेल्या वॅडमधली चित्रे घेऊन, नव्या-जुन्याचा एक गठ्ठा बांधत. मॅपसोबत एक छोटी बॅच फाइल येई; ती चालवायची विसरली, की नव्या वस्तू गायब. ग्रेग लुइस यांच्या डीहॅकएड या साधनाने खुद्द इंजिनातला वस्तूंचा तक्ता बदलता येई; त्यासोबत आणखी एक फाइल आली. ती फाइल नसेल, तर वस्तू हरवत नसे, ती पूर्वाश्रमीचे रूप घेऊन उभी राही : मॅपकाराने कारंजे म्हणून मांडलेल्या जागी साधा दिवा किंवा पिंप दिसे.

डूमच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली गहाळ वस्तू मात्र चित्राअभावी किंवा फाइलीअभावी हरवलेली नव्हती. टीमटीएनटी हा हौशी मॅपकारांचा गट होता. त्यांचा बत्तीस मॅपांचा संच १९९५ च्या अखेरीस फुकट वाटला जायचा होता. त्याआधीच आयडी सॉफ्टवेअरने तो विकत घेतला आणि १९९६ साली ‘फायनल डूम’ या पेटीत ‘टीएनटी : एव्हिल्यूशन’ या नावाने बाजारात आणला. त्यातल्या एकतिसाव्या मॅपमध्ये पिवळी चावी लागते. एकट्याने खेळणाऱ्याला ती कुठेच मिळत नाही, कारण ती मॅपमध्ये उभीच राहत नाही. वस्तूच्या पाचव्या आकड्यात सोपा, मध्यम आणि अवघड खेळ यांच्या तीन खुणा असतात, शिवाय ‘फक्त अनेकांच्या खेळात’ अशी एक खूण असते. चावीवर नेमकी ही शेवटची खूण लागलेली होती. एडिटरच्या पडद्यावर चावी व्यवस्थित दिसे, आकडा बरोबर, चित्र बरोबर. इंजिनाच्या दृष्टीनेही काही चुकलेले नव्हते, त्यामुळे कोणताही संदेश नाही. एका बिटामुळे विकत घेतलेला मॅप नियमाने पुरा करता येत नव्हता. दुरुस्तीही तेवढीच लहान होती : ती खूण काढलेला मॅप ‘टीएनटी एकतीस’ या नावाच्या छोट्या वॅडमधून वाटण्यात आला. त्याच वर्षीच्या ‘आयडी अँथॉलॉजी’ या संग्रहात सुधारलेली प्रत गेली, आणि आजही जुन्या सीडीवरची प्रत खेळणारे ती छोटी वॅड सोबत ठेवतात.

खुणांच्या या आकड्याने आणखी एक घोळ घातला, आणि तो उलगडण्याची तऱ्हा वाचण्यासारखी आहे. २३ डिसेंबर १९९७ रोजी डूमचा सोर्स कोड खुला झाला. १९९८ मध्ये बूम हे सुधारित इंजिन आले. त्याने खुणांच्या आकड्यातले मोकळे बिट वापरात घेतले, ‘आपसांतल्या लढतीत नको’, ‘सहकारी खेळात नको’ अशा नव्या अर्थांनी. पण हेलमेकर या जुन्या एडिटरने बनवलेल्या मॅपांत हे मोकळे बिट निष्कारण भरलेले होते. मूळ डूम त्यांच्याकडे पाहतच नसल्यामुळे कोणाला ते कधी जाणवले नव्हते. नव्या इंजिनाने ते वाचले असते, तर मूळ मॅपकाराच्या मनातही नसताना अनेकांच्या खेळातून वस्तू नाहीशा झाल्या असत्या. ली किलो यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये बूममधूनच निघालेल्या आपल्या एमबीएफ इंजिनात यावर तोडगा काढला : २५६ किमतीचा बिट नव्या पद्धतीत कायम शून्य ठेवायचा. तो एखाद्या वस्तूत भरलेला सापडला, तर ती नोंद जुन्या बेफिकीर एडिटरची आहे असे समजून वरच्या सगळ्या खुणांकडे दुर्लक्ष करायचे. मॅपांना हात न लावता त्यांचा दोष ओळखून पोटात घालणारी ही दुरुस्ती पुढच्या अनेक इंजिनांनी जशीच्या तशी उचलली.

मॅप निर्दोष असूनही वस्तू दिसेनाशा होण्याचा एक प्रकार निव्वळ मर्यादांचा होता. मूळ डूम एका वेळी जास्तीत जास्त १२८ वस्तूंची चित्रे रंगवतो. एखाद्या हौशी मॅपकाराने मोठ्या पटांगणात दीडशे शत्रू उभे केले, तर उरलेले चित्रात येत नाहीत, आणि खेळाडू वळला की कधी हे तर कधी ते गायब होतात. यावर मॅपकाराकडे एकच उपाय होता, गर्दी कमी करणे. सोर्स कोड खुला झाल्यावर इंजिनांनी ती मर्यादाच उठवली. याच सुमारास रँडी हाइट यांच्या झेडडूमने अनोळखी वस्तूबद्दलचे मूळ धोरणही बदलले. गेम बंद पाडण्याऐवजी ते इंजिन प्रकाराचा आकडा आणि जागा संदेशात छापते आणि त्या जागी एक ठळक खूण उभी करते. मॅप चालत राहतो आणि चूक लपतही नाही.

जून १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ने मॅपची घडण बदलली. मॅपकार साध्या मजकुराची फाइल लिहितो, ती तीन वेगळ्या प्रोग्रामांतून जाते आणि शेवटी बीएसपी ही एकसंध फाइल तयार होते. भिंतींची टेक्श्चरे या फाइलीतच भरली जातात, त्यामुळे क्वेकच्या मॅपात उघड्या भिंती क्वचित दिसतात. तरीही टेक्श्चर नसलेच तर काय, याची सोय कोडमध्ये केलेली आहे : दोन रंगांच्या चौकटींचा, बुद्धिबळाच्या पटासारखा एक तुकडा इंजिन सुरू होतानाच तयार करून ठेवते. पुढे वाल्व्ह या कंपनीच्या गेमांत जांभळा-काळा होऊन जगभर ओळखीचा झालेला पट याच कल्पनेचा वारस आहे.

क्वेकमध्ये वस्तूंचा वर्तनभाग मात्र बाहेरच राहिला. मॅपमध्ये वस्तू वर्गाच्या नावाने नोंदलेली असते आणि ते नाव क्वेकसी भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सापडावे लागते. सापडले नाही, तर इंजिन तक्रारीची ओळ छापते आणि ती वस्तू टाकून देते. एखाद्या मॉडसाठी, म्हणजे मूळ गेममध्ये हौशी लोकांनी केलेल्या बदलांच्या संचासाठी, बनवलेला मॅप साध्या क्वेकच्या फोल्डरमध्ये टाकला, की त्यातले नवे शत्रू, नवे सापळे, कधी कधी बाहेर पडण्याचे दारसुद्धा असे गळून जाते. संदेश छापलेला असतो, पण कन्सोल, म्हणजे गेममधली संदेशांची खिडकी, उघडून तो वाचणारे थोडे. इथली दुरुस्ती बहुतेक वेळा मॅपमध्ये नव्हती. मॅप योग्य मॉडच्या फोल्डरमध्ये ठेवणे आणि गेम त्या फोल्डरच्या नावाने सुरू करणे, एवढेच करायचे असे.

खुणांच्या बाबतीत क्वेकने डूमची पद्धत उलटी केली, आणि ते शहाणपणाचे होते. डूममध्ये सोपा, मध्यम, अवघड या खुणा लावल्या तर वस्तू त्या पातळीवर दिसते; एकही लावली नाही तर ती कुठेच दिसत नाही. क्वेकमध्ये ‘सोप्या खेळात नको’, ‘अवघड खेळात नको’ अशा नकाराच्या खुणा आहेत. मॅपकार विसरला, तर डूममध्ये वस्तू हरवते, क्वेकमध्ये जास्तीची दिसते. जास्तीची वस्तू पहिल्याच चाचणीत नजरेत भरते. हरवलेली वस्तू हरवल्याचे कळायला ती तिथे होती हे आधी माहीत असावे लागते.

क्वेकची स्वतःची मर्यादा जाळ्याच्या वाहतुकीतून आली. एकट्याचा खेळसुद्धा आतून सर्व्हर आणि खेळाडू अशा दोन भागांत चालतो, आणि एका वेळी पाठवायची माहिती १०२४ बाइटांत बसवावी लागते. नजरेच्या टप्प्यात फार वस्तू आल्या, की जागा संपते, उरलेल्या वस्तूंची बातमी जातच नाही आणि त्या लुकलुकू लागतात. मॅपकारांनी यावर वळणदार बोळ, आडव्या भिंती, बंद दारे असे उपाय योजले, म्हणजे एका जागेवरून फार काही दिसूच नये. जुन्या क्वेक मॅपांतले पुष्कळ चक्रव्यूह निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आलेले नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये हाही सोर्स कोड खुला झाला. पुढच्या इंजिनांनी मर्यादा वाढवल्यावर मोकळी, प्रचंड दालने शक्य झाली. पण ते मॅप मूळ क्वेकमध्ये उघडले तर मोडतात, म्हणून कोणते इंजिन हवे हे आता मॅपसोबतच्या टिपणात लिहावे लागते.

नोव्हेंबर १९९८ मधल्या ‘हाफ-लाइफ’चे इंजिन क्वेकवरूनच घडवलेले होते, पण वाल्व्हने टेक्श्चरे पुन्हा मॅपबाहेर, वॅड फाइलींत काढली. अनेक मॅपांनी एकच टेक्श्चरसंच वापरला, तर प्रत्येक मॅपची फाइल लहान राहते. मोडेमच्या काळात हा मोठा फायदा होता. किंमत अशी मोजावी लागली, की मॅपच्या आत वापरलेल्या वॅडची यादी असे आणि त्यातली एकही कमी पडली तर मॅप चालत नसे. बेन मॉरिसचा वर्ल्डक्राफ्ट हा एडिटर हाफ-लाइफच्या सीडीवरच मिळे, आणि सवयीने दहा-बारा वॅड जोडून ठेवलेल्या मॅपकाराच्या संगणकावर मॅप नेहमीच नीट चाले. शेजारच्या संगणकावर नेल्यावरच कळे, की एका पाटीसाठी वापरलेली वॅड सोबत द्यायची राहिली. मॅप बांधणाऱ्या सुधारित साधनांत, विशेषतः झोनर या नावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरच्या संचात, निवडलेल्या वॅडमधली वापरलेली टेक्श्चरे मॅपमध्येच भरण्याची सोय आली, आणि निम्मे दुखणे तिथेच संपले.

उरलेले निम्मे मॉडेल, आवाज आणि आकाशाच्या चित्रांचे होते. १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ यांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ हे मॉड काढल्यावर मॅप सीडीवरून फिरण्याऐवजी सर्व्हरवरून फिरू लागले. खेळाडू सर्व्हरशी जोडला गेला की नसलेला मॅप आपोआप उतरे. त्याच्याबरोबर आणखी काय उतरवायचे, हे मॅपच्याच नावाच्या ‘रेस’ फाइलीत लिहावे लागे. ही यादी हाताने लिहिताना काहीतरी सुटतेच, म्हणून मॅप वाचून यादी तयार करणारे रेसजेन हे साधन निघाले. मुंबई-पुण्यातल्या सायबर कॅफेंत काउंटर-स्ट्राइक रंगे तेव्हा हा आपोआपचा मार्ग बऱ्याचदा उपयोगाचा नसे. तिथे मॅप एका संगणकावरून दुसऱ्यावर नुसते कॉपी केले जात, आणि बीएसपी आली पण वॅड मागेच राहिली हा ठरावीक प्रकार होता.

सर्व्हर चालवणाऱ्यांपुढे आणखी एक सापळा होता. विंडोजला फाइलीच्या नावातली इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी. बरेच सर्व्हर लिनक्सवर चालत. मॅपकाराने घरी विंडोजवर मोठ्या अक्षराने नोंदलेले मॉडेल घरी उघडे, सर्व्हरवर सापडत नसे. यावर अनुभवी मॅपकारांनी घालून घेतलेला नियम आजही पाळला जातो : फोल्डर आणि फाइली यांची सगळी नावे लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता.

२००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ टू’सोबत सोर्स इंजिन आले आणि गहाळ वस्तूला तिचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा मिळाला. टेक्श्चर नसेल तिथे जांभळा-काळा पट, आणि मॉडेल नसेल तिथे हवेत उभी लाल ठोकळी अक्षरे : एरर. दिसायला दोन्ही भयानक आणि त्यासाठीच बनवलेली. तो भडक जांभळा रंग दूरवरूनही सुटत नाही. ज्याने कोणी हा रंग कायम ठेवला, त्याने मॅपकारांचे असंख्य तास वाचवले. असाच पट पुढे ‘माइनक्राफ्ट’मध्येही दिसू लागला. बेथेस्डाच्या ‘मॉरोविंड’मध्ये त्याच कामासाठी उद्गारचिन्हाची खूण उभी राहते.

सोर्सच्या मॅपात वस्तू हरवण्याची कारणे मात्र वाढली, कारण वस्तूचे अवयव वाढले. एका खुर्चीला मॉडेलची मुख्य फाइल लागते, शिरोबिंदूंची वेगळी, रेखाटनाच्या मांडणीची वेगळी, टक्करीच्या आकाराची वेगळी. शिवाय पृष्ठभागाचे वर्णन करणारी मजकुराची फाइल, आणि त्या वर्णनात नाव असलेली चित्राची फाइल. यातली पहिली नसली तर एरर, शेवटची नसली तर जांभळी खुर्ची, टक्करीची नसली तर माणूस आरपार जातो अशी खुर्ची. लक्षणावरून कारण ओळखणे हे इथले पहिले कौशल्य.

शिवाय काही वस्तू सगळ्या फाइली असूनही दिसत नाहीत. सोर्समध्ये प्रॉप, म्हणजे सजावटीची वस्तू, तीन मुख्य जातींची : जागेवर गोठलेली, हालचाल करू शकणारी, आणि ढकलता-फेकता येणारी. मॉडेल बनवतानाच ते कोणत्या जातीत वापरायचे हे त्यात नोंदवलेले असते. ढकलण्याजोगी वस्तू म्हणून मांडलेल्या मॉडेलमध्ये ती नोंद नसेल, तर गेम सुरू होताच इंजिन कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कारण सांगते आणि वस्तू काढून टाकते. एडिटरमध्ये खुर्ची आहे, गेममध्ये नाही, आणि जागी एररही नाही. नवख्या मॅपकारांना सर्वाधिक छळणारा हाच प्रकार असावा. इलाज सोपा असतो, वस्तूची जात बदलणे. पण तिथवर पोहोचायला कन्सोल वाचायची सवय लागते. दुरून पाहिल्यावर वस्तू विरून जावी असे अंतर चुकून फार कमी लिहिले गेले, तरी खोलीत शिरेपर्यंत ती दिसत नाही; कित्येक ‘गहाळ’ वस्तू निव्वळ या एका आकड्याने हरवलेल्या असतात.

सोर्सने यावर एक उत्तम सोयही दिली. बीएसपीच्या आतच झिपसारखी एक पेटी ठेवता येते आणि इंजिन फाइली शोधताना त्या पेटीतही पाहते. वाल्व्हचे बीएसपीझिप हे साधन आज्ञा टाइप करून चालवावे लागे. पुढे पॅकरॅट आणि व्हाइड यांनी तेच काम खिडकीत आणले. ही साधने मॅपची यादी वाचतात, मूळ गेममध्ये काय असते हे जाणतात आणि उरलेल्या फाइली शोधून पेटीत भरतात. तरी स्क्रिप्टमधून नाव घेतलेल्या किंवा खेळताना बदलणाऱ्या फाइली त्यांच्या नजरेतून सुटतात. म्हणून जाणते मॅपकार शेवटची चाचणी, काहीही वरचे न भरलेल्या, कोऱ्या बसवलेल्या गेमवर घेतात.

पेटीमुळे एक नवा दोषही जन्माला आला. चकचकीत पृष्ठभागांवरची प्रतिबिंबे मॅपच्या पेटीत मॅपच्याच नावाच्या फोल्डरमध्ये साठवली जातात. सर्व्हर चालवणाऱ्याने गंमत म्हणून किंवा आवृत्ती दाखवण्यासाठी बीएसपीचे नाव बदलले, की इंजिन नव्या नावाचा फोल्डर शोधते, तो नसतो, आणि काचा, पाणी, फरशा यांची प्रतिबिंबे बिघडतात. मॅप कोणीही बिघडवलेला नसतो. जुने नाव परत देणे एवढीच दुरुस्ती.

एरर अक्षरांचे खरे रान मात्र ‘गॅरीज मॉड’मध्ये माजले. गॅरी न्यूमनचे हे मॉड २००४ च्या अखेरीस आले आणि २००६ मध्ये स्टीम या वाल्व्हच्या ऑनलाइन दुकानात स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. त्यासाठी मॅप करणारे ‘काउंटर-स्ट्राइक : सोर्स’मधले दरवाजे, मोटारी, झाडे मुक्तपणे वापरत. ज्याने तो गेम विकत घेतलेला नसे, त्याला शहराच्या जागी लाल अक्षरांचे आणि जांभळ्या भिंतींचे शहर दिसे. विकाऊ गेमचा माल मॅपच्या पेटीत भरून वाटणे योग्य नव्हते, त्यामुळे दुरुस्तीचा सरळ मार्ग तो गेम घेऊन जोडणे हाच. मॅपकाराच्या बाजूने पाहिले, तर एकच शिस्त होती : ज्या गेमसाठी मॅप, त्याच गेमचा माल.

ब्लिझार्डने ‘वॉरक्राफ्ट थ्री’मध्ये २००२ पासून वेगळी वाट धरली. तिथला हौशी मॅप ही एकच फाइल असते. मॉडेल, चित्रे, आवाज सगळे तिच्या पोटात. काही मागे राहण्याचा संभव त्यामुळे घटला, पण रस्ता चुकण्याचा वाढला. बाहेरून आणलेल्या फाइलीला एडिटर स्वतःच एका ठरावीक फोल्डरचे नाव जोडतो. मॉडेलच्या आत मात्र त्याच्या चित्राचा रस्ता बनवणाऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असतो. दोन्ही जुळले नाहीत, तर फाइल मॅपमध्ये असूनही वस्तू बिनरंगाची दिसते. जोडलेले नाव पुसून रस्ता हाताने लिहायचा, हा या गेमच्या मॅपकारांचा पहिला धडा. माइनक्राफ्टमध्ये परिणाम अधिक कठोर असतो. मॉड काढून टाकून जग उघडले, तर त्या मॉडचे ठोकळे हवेत विरतात, आणि जग जतन झाले की मॉड परत आणूनही ते येत नाहीत. तिथे जग उघडण्याआधी घेतलेली प्रत हीच एकमेव दुरुस्ती.

२०११ मध्ये हौशी मॅप आणि मॉड वाटण्याची सोय असलेले स्टीम वर्कशॉप सुरू झाले आणि पुढच्या वर्षी गॅरीज मॉडमध्येही आले. मॅपला कोणकोणत्या इतर वस्तू लागतात हे आता त्याच्या पानावरच जोडता येते आणि त्या आपोआप उतरतात. पण मधल्या एखाद्या वस्तूच्या कर्त्याने ती काढून घेतली, की तिच्यावर विसंबलेल्या सगळ्या मॅपांत एकाच दिवशी भोके पडतात.

मूळ फाइल कुठेच उरलेली नसते तेव्हा दुरुस्ती जीर्णोद्धाराकडे झुकते. बीएसपी उलगडून पुन्हा संपादनयोग्य मॅप मिळवणारी साधने आहेत, पण त्यातून मूळ रचना पूर्णपणे परत येत नाही. शिवाय बीएसपी बदलली, की बहुधा सर्व्हर आणि खेळाडू यांच्या प्रती जुळत नाहीत आणि जोडणी नाकारली जाते. बदललेला मॅप सगळ्यांना नव्याने उतरवावा लागतो. यामुळे सर्व्हरवाल्यांनी मॅपला न शिवणारी पद्धत पसंत केली. स्ट्रिपर हे सर्व्हरचे जोडसाधन मॅप चढत असताना त्यातली वस्तूंची यादी मध्येच अडवते आणि एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिल्याप्रमाणे वस्तू काढते, घालते किंवा बदलते. हरवलेल्या मॉडेलचे नाव काढून त्या जागी मूळ गेममधले जवळचे मॉडेल घालायचे, गळालेल्या दाराऐवजी नवे दार उभे करायचे, हे सगळे तिथून होते. सोर्स इंजिनातही मॅपच्या शेजारी त्याच्याच नावाची एक छोटी फाइल ठेवून आतली वस्तूंची यादी झाकता येते, आणि वाल्व्हने ‘लेफ्ट फोर डेड’च्या मॅपांसाठी स्वतःच ही पद्धत वापरली आहे. बीएसपी तशीच राहते, तिचा पडताळा जुळतो, आणि दुरुस्तीची नोंद वेगळ्या फाइलीत कोणालाही वाचता येईल अशी उरते.